पहिल्यांदाच नाक टोचायचंय: सोनार, पार्लर की डॉक्टर?

रानजाई
मी पुण्यात राहते, वय ३१. कान बारशाच्या सुमारास टोचलेले, नाकाला मात्र आजवर हात लावलेला नाही. धाकट्या भावाचं लग्न मार्गशीर्षात आहे आणि त्यात मला आजीची मोत्यांची नथ घालायची आहे. ती जुनी, तारेची आहे. तिला चाप नाही, टोचलेल्या नाकातच जाते. हातात जेमतेम दीड महिना आहे.

आई म्हणते आपल्या नेहमीच्या सोनाराकडे जा. मैत्रिणी म्हणतात पार्लरमध्ये गनने पटकन होतं. नवऱ्याचं म्हणणं, डॉक्टरकडेच जा. तुम्ही काय केलंत? दुखतं किती? डावीकडे टोचू की उजवीकडे? लग्नापर्यंत नथ घालण्याइतकं बरं होईल का? दोन गोष्टी आधीच सांगते: खोट्या कानातल्यांनी मला खाज सुटून पाणी येतं, आणि आईच्या कानाच्या पाळीला टोचल्यावर मोठी गाठ आली होती, ती काढावी लागली.

अबोली_कोथरूड
बाकी कुठेही जा, गन नको. माझ्या चुलतबहिणीने एका पार्लरमध्ये तशी टोचून घेतली. खडा आत रुतला, नाकपुडी सुजली आणि शेवटी डॉक्टरकडे जाऊन तो काढावा लागला. गनमध्ये सुई नसतेच. बोथट टोकाचा खडा स्प्रिंगच्या जोराने आरपार ढकलतात. कानाच्या मऊ पाळीला ते एकवेळ चालून जातं, नाकाला नाही. शिवाय गनचा बराचसा भाग प्लास्टिकचा, म्हणजे ती ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात) घालता येत नाही. वरवर स्पिरिटने पुसली म्हणजे निर्जंतुक झाली असं होत नाही.

सोनाराची_लेक
ताई, नाक-कान टोचायचं काम आमच्या घरात आजोबांपासून आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी बाजू. महाराष्ट्रात नथ डावीकडे, त्यामुळे नथ घालायची असेल तर डावीच. माझ्या तमिळ मैत्रिणींच्या घरात बऱ्याच जणींची उजवी टोचलेली आहे, काहींच्या दोन्ही. डावी टोचली की बाळंतपण सोपं जातं वगैरे ऐकशील, त्यावर निर्णय घेऊ नकोस. आणि ही फार जुनी प्रथा म्हणशील, तर अजिंठा-वेरूळच्या चित्रा-शिल्पांत बायका दागिन्यांनी मढलेल्या दिसतात, पण नाकात काही नाही. आवडते म्हणून घाल, एवढं कारण पुरे आहे.

बाजूपेक्षा जागा महत्त्वाची, आणि तिकडे कुणी लक्ष देत नाही. चमकी नाकपुडीच्या वरच्या खोबणीत छान दिसते. पण भोक तितकं वर गेलं तर नथीची तार कडेपर्यंत नीट येत नाही, नाकपुडी दुमडते. म्हणून जाताना नथ बरोबर ने. टोचणाऱ्याला पेनने खूण करू दे, मग आरशात बघ, हसून बघ, नथ नाकाशी धरून बघ. खूण पसंत पडेपर्यंत पुसून परत करायला सांग, लाजू नकोस.

सोनार टोकदार सोन्याची तार हाताने आरपार घालतो आणि तिचीच कडी वळवतो. अनुभवी हात असेल तर काम सफाईदार होतं. पण तो हात धुतो का, नवे हातमोजे घालतो का, तार कशी निर्जंतुक करतो, हे समोर उभं राहून विचार. उत्तर द्यायला कुरकुर करणाऱ्याकडून टोचून घेऊ नकोस, मग तो कितीही ओळखीचा असो.

दुखण्याचं म्हणशील तर एक जोरदार कळ, डाव्या डोळ्यातून पाणी आणि बहुतेक एक शिंक. ते पाणी आपोआप येतं, त्यासाठी रडायला यावं लागत नाही.

त्वचावैद्य_नाशिक
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलेलं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. आईच्या कानाची गाठ केलॉइड, म्हणजे मूळ जखमेबाहेर वाढत जाणारा जाड व्रण, असू शकते आणि ती प्रवृत्ती घराण्यात असते. याचा अर्थ तुम्ही टोचूच नये असा नाही. पण आधी एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाला तुमचे स्वतःचे जुने व्रण दाखवा: कानाची भोकं, दंडावरचा बीसीजी लसीचा व्रण, कापल्या-भाजल्याच्या खुणा. ते उंचावलेले, कडक असतील तर मी माझ्या पेशंटला नाक टोचू नका असंच सांगते. चेहऱ्यावरचा केलॉइड काढला तरी परत येऊ शकतो.

बऱ्याच जणींना टोचल्यावर काही आठवड्यांनी भोकाशेजारी लालसर पुटकुळी येते. ती बहुधा केलॉइड नसते. खडा सतत हलवल्याने किंवा धातू न मानवल्याने येते आणि कारण दूर केलं की बसते.

आता वेळेबद्दल. नाकपुडीची जखम बाहेरून महिन्याभरात बरी दिसते, आतून पूर्ण भरायला साधारण चार ते सहा महिने लागतात. दीड महिन्यात त्यात जड नथ अडकवणं, वर लग्नाचा मेकअप आणि दिवसभराचा घाम, हे मला अजिबात पटत नाही. वजनाने भोक खाली ओढलं जातं.

टोचल्यावर ०.९ टक्क्यांचं निर्जंतुक सलाइन दिवसातून दोनदा, एवढंच. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड नको. हळद-तेलही नको. खडा गोल फिरवायचा नाही. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल किंवा नुकतंच बंद केलं असेल तर डॉक्टरांना सांगा. धनुर्वाताची लस होऊन दहा वर्षं उलटली असतील तर ती घ्या. सूज गालाकडे किंवा डोळ्याकडे पसरली, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. खडा स्वतः उपसून काढू नका, भोक बंद होऊन पू आत अडकतो.

मीनल_म्युनिक
रानजाई, तुझी खाज वाचून लिहिते आहे. मलाही खोट्या दागिन्यांचा तोच त्रास, आणि त्यामागे निकेल हा धातू होता. इथे युरोपात ताज्या भोकात घालायच्या दागिन्यातून निकेल किती सुटावं यावर कायद्याने मर्यादा आहे: आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी. मी पोकळ सुईने टोचून घेतलं आणि इम्प्लांट दर्जाच्या टायटॅनियमचा, मागून सपाट चकती असलेला खडा घातला. काहीच झालं नाही. पुण्या-मुंबईत असं काम करणारे स्टुडिओ आता आहेत. त्यांच्या टायटॅनियमला 'एएसटीएम एफ १३६' हा इम्प्लांटसाठीचा दर्जा आहे का विचार. सोनंच हवं असेल तर २२ कॅरेट घे. पांढऱ्या सोन्यात काही वेळा निकेल असतं. 'सर्जिकल स्टील' नावावर जाऊ नकोस, त्यातही निकेल असतं.

आणि टॉवेलने तोंड पुसायचं बंद कर. टॉवेलचा धागा खड्यात अडकला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. टिश्यूने टिपायचं.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. आईच्या गाठीचा आणि माझा काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. त्यांनी हो म्हटलं तरी टोचणं लग्नानंतरच, सुईने.

पण लग्नात आजीचीच नथ घालायची इच्छा काही जात नाही. आजी आता नाही, आणि भावाला तिने सांभाळलंय. जुन्या नथीला चाप बसवतात का? मोत्यांना काही होणार नाही ना?

सोनाराची_लेक
बसवतात ताई, आणि एवढा वेळ त्याला भरपूर आहे. फक्त सोनाराला दोन गोष्टी बजावून सांग. डाग द्यायचा (तापवून जोड द्यायचा) असेल तर मोती आधी उतरवून घ्यायला सांग, आच लागली की मोत्याचं पाणी जातं. ते काम झाल्यावर मोती पुन्हा ओवून देतात. देताना फोटो काढून ठेव, मोती मोजून दे आणि वजन पावतीवर लिहून घे. दुसरं, जुनी तार कापावी लागली तर तो तुकडा परत माग आणि जपून ठेव, पुढे नाक टोचलंस तर तीच परत जोडता येईल.

घरी नथ स्पिरिटने पुसू नकोस, मोती खराब होतात. ओलसर मऊ कापडाने पुस, आणि लग्नाच्या दिवशी अत्तर, हेअरस्प्रे सगळं झाल्यावर सर्वांत शेवटी नथ घाल. चाप नवा असताना नाक फार आवळतो, तर आदल्या आठवड्यात घरी तासभर घालून बघ आणि सैल करून आण.