जानेवारीतील हिमवादळे आणि फोर्ट लॉडरडेलची क्रूझ : शिकागोहून किती आधी निघावे?

नेपरव्हिलकर

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी, पत्नी, आठ वर्षांची मुलगी आणि नाशिकहून आलेले माझे आई-बाबा असे पाच जण फ्लोरिडातील फोर्ट लॉडरडेलच्या पोर्ट एव्हरग्लेड्स बंदरातून सात रात्रींच्या क्रूझवर निघणार आहोत. बोट रविवारी दुपारी चार वाजता सुटते, सोमवार पूर्ण समुद्रात जातो आणि मंगळवारी मेक्सिकोतील कोझुमेल हे पहिले बंदर लागते. क्रूझचे पैसे भरून झाले आहेत, विमानाची तिकिटे मात्र अजून काढलेली नाहीत.

शिकागोच्या ओ'हेअर विमानतळाहून रविवारी पहाटे सहा वाजता थेट विमान आहे, ते तिथल्या वेळेनुसार दहाच्या सुमारास फोर्ट लॉडरडेलला उतरते. विमानतळापासून बंदर जेमतेम तीन-चार किलोमीटरवर असल्यामुळे मला ते सोयीचे वाटते. पत्नीच्या मते जानेवारीत त्याच दिवशी निघणे योग्य नाही, म्हणून ती शनिवारी संध्याकाळी सातच्या विमानाने जाऊ म्हणते. आईचे गुडघे दुखतात, तिला व्हीलचेअर लागते; बाबांना इन्सुलिन चालू आहे. त्यांना विमानतळावर रात्र काढावी लागू नये, ही माझी मुख्य काळजी आहे. ज्यांना या प्रवासाची माहिती आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

धावपट्टी

मी विमान वाहतुकीच्या नियोजनाच्या कामात आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पहाटेचे पहिले विमान सर्वांत भरवशाचे मानले जाते आणि सर्वसाधारणपणे ते खरेही आहे, कारण ते विमान आदल्या रात्रीच येऊन गेटवर उभे असते. हिवाळ्यात मात्र या गणितात दोन गोष्टींची भर पडते. पहिली म्हणजे, रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या सगळ्याच विमानांच्या पंखांवर बर्फ किंवा दहिवर साचते आणि पहाटे पाच ते सातच्या दरम्यान सगळ्यांनाच एकदम डी-आयसिंगच्या रांगेत उभे राहावे लागते. आधी नारिंगी रंगाचा गरम द्रव फवारून साचलेला बर्फ उतरवतात, आणि बर्फ पडत असेल तर त्यावर हिरव्या रंगाच्या घट्ट द्रवाचा थर देतात, जेणेकरून उड्डाण होईपर्यंत नवा बर्फ धरू नये. या थराची मुदत ठरलेली असते. बर्फवृष्टी जोराची असेल तर ती काही मिनिटांतच संपते, आणि तोपर्यंत उड्डाणाचा क्रम आला नाही तर विमानाला पुन्हा फवारणीसाठी परतावे लागते. बर्फाऐवजी गोठणारा पाऊस जोरात पडत असेल, तर उड्डाणे थांबवण्याखेरीज इलाज नसतो.

दुसरी गोष्ट प्रवाशांच्या सहसा लक्षात येत नाही. विमान गेटवर असले तरी वैमानिक तयार असतीलच असे नाही. अमेरिकेच्या नियमानुसार त्यांना दोन कामांच्या मध्ये किमान 10 तास विश्रांती द्यावी लागते. शनिवारी संध्याकाळी सहाला उतरणारे वैमानिक वादळामुळे मध्यरात्री उतरले आणि रविवारचे सहाचे विमान त्यांच्याकडेच असले, तर आकाश निरभ्र असूनही ते विमान सहाला सुटणार नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. किती रात्री आधी पोहोचायचे यापेक्षा, आपले विमान रद्द झाले तर बोट गाठून देणारी किती विमाने मागे उरतात, हे मोजावे. रविवारी पहाटेचे रद्द झाले, तर फार तर पुढची एक-दोन विमाने उरतात. शनिवारी संध्याकाळी सातचे रद्द झाले, तर पुन्हा तीच रविवार पहाटेची उरतात. म्हणजे हॉटेलच्या एका रात्रीचे पैसे भरूनही हाती फारसे काही लागत नाही. शनिवारी पहाटे निघालात तर दिवसभराची सगळी विमाने आणि शिवाय रविवारची सकाळ आपल्या मागे उभी राहते. त्या हंगामात शनिवार-रविवारी फ्लोरिडाकडे जाणारी विमाने आधीच भरलेली असतात. रद्द झालेल्या विमानातील दीडशे प्रवासी पुढच्या विमानांतील उरल्यासुरल्या दोन-चार जागांवर बसवत न्यावे लागतात, म्हणून वादळ सरल्यानंतरही ही घडी नीट बसायला दोन-तीन दिवस जातात. पाच जणांना एकत्र जागा मिळणे तर फारच अवघड. डिसेंबर 2022 मधील वादळानंतर एकट्या साउथवेस्ट कंपनीची 16 हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली होती आणि हवा निवळल्यावरही त्यांचे वेळापत्रक कित्येक दिवस सावरले नव्हते.

माझा आग्रह शुक्रवारी दुपारच्या थेट विमानाचा राहील. ते जमत नसेल तर शनिवारी पहाटेचे, पण थेटच. अटलांटा किंवा डॅलसमार्गे गेल्यास दक्षिणेकडून जातो म्हणून बर्फ टळतो, ही समजूत चुकीची आहे. तिथे बर्फ क्वचित पडतो, म्हणूनच तो हटवण्याची साधनेही कमी असतात. जानेवारी 2025 मध्ये न्यू ऑर्लिन्सला सुमारे 20 सेंटीमीटर बर्फ पडला, तेव्हा तिथला विमानतळ ठप्प झाला होता.

दक्षिणवारा

मी फोर्ट लॉडरडेलजवळ राहते. इकडच्या बाजूने काही गोष्टी सांगते.

तिकीट फोर्ट लॉडरडेलचेच काढा, पण मायामी आणि वेस्ट पाम बीच ही दोन विमानतळांची नावे लक्षात असू द्या. मायामी दक्षिणेला साधारण 45 किलोमीटर आणि वेस्ट पाम बीच उत्तरेला साधारण 70 किलोमीटरवर आहे. विमान रद्द झाल्यावर कंपनीचे संगणक बहुधा मूळ विमानतळाचीच पुढची जागा शोधून देतात. आपण स्वतः फोन करून "मायामी किंवा वेस्ट पाम बीच चालेल" असे सांगितले, तर पर्याय एकदम वाढतात. अगदीच काही मिळाले नाही तर ओरलँडोही उपयोगी पडते. 2023 च्या सप्टेंबरपासून ओरलँडो विमानतळावरूनच ब्राइटलाइन नावाची रेल्वे सुटते आणि ती सुमारे तीन तासांत फोर्ट लॉडरडेलला आणते. आपल्या आईंना मोटारीत तेवढा वेळ अवघडून बसण्यापेक्षा गाडीत पाय मोकळे करता येतील.

मात्र हा सगळा लवचीकपणा सामान स्वतःजवळ असेल तरच कामाचा. चेक-इन केलेली बॅग एकदा पट्ट्यावर गेली की ती आपल्यामागून मायामीला येईलच याची खात्री कोणी देत नाही. बाबांचे इन्सुलिन, सुया, डॉक्टरांची चिठ्ठी, पाचही पासपोर्ट आणि प्रत्येकाचा एक कपड्यांचा जोड हातातल्या बॅगेतच ठेवा. इन्सुलिन विमानाच्या पोटातील सामानात कधीच देऊ नये, तिथे ते गोठू शकते. सुरक्षा तपासणीत औषधांना आणि त्यासोबतच्या थंड पिशवीला परवानगी असते, फक्त तपासनिसांना आधी सांगावे लागते. घरचे खाणे न्यायचे असेल तर दशम्या, चटणीपूड, लाडू असे कोरडे पदार्थ चालतात. तेल सुटलेले लोणचे 100 मिलिलिटरपेक्षा जास्त असेल तर काढून घेतील. उरलेले हॉटेलातच संपवावे, कारण घरी बनवलेले पदार्थ बहुतेक क्रूझ कंपन्या बोटीवर नेऊ देत नाहीत.

हॉटेल आजच आरक्षित करा आणि आदल्या दिवसापर्यंत विनाशुल्क रद्द करता येईल असेच घ्या. शनिवार-रविवारी बंदरातून एकामागून एक बोटी सुटतात आणि विमानतळाजवळील खोल्या आधीच भरून जातात.

नेपरव्हिलकर

दोघांचेही मनापासून आभार. मागे किती विमाने उरतात हे मोजण्याचा विचार आम्हाला सुचला नव्हता, आणि शनिवार संध्याकाळचा बेत आम्ही आजच सोडून दिला. पत्नीची रुग्णालयातील पाळी शुक्रवारी रात्री संपते, त्यामुळे शुक्रवार दुपार अशक्य आहे. शनिवारी पहाटेचे पाहतो. इतके करूनही बोट चुकलीच, तर मंगळवारी कोझुमेलला जाऊन ती गाठता येते का? आई-बाबा भारतीय पासपोर्टवर, पर्यटक व्हिसाने आले आहेत. मुलगी इथे जन्मलेली आहे आणि तिचा पासपोर्ट अजून काढलेला नाही, कारण क्रूझसाठी जन्मदाखला पुरेसा आहे असे कळले होते.

बोरिवली ते बोस्टन

मुलीचा पासपोर्ट आजच्या आज, जलद सेवेसाठीचे जादा शुल्क भरून काढायला टाका. ज्या अमेरिकी बंदरातून बोट निघते तिथेच ती परतणार असेल, तर अमेरिकी नागरिकाला जन्मदाखल्यावर जाता येते, हे बरोबर आहे. पण बोट चुकली आणि कोझुमेलला विमानाने जायची वेळ आली, तर पासपोर्टशिवाय त्या विमानात बसताच येणार नाही. ज्या प्रसंगासाठी आपण ही तयारी करत आहात, नेमका त्याच प्रसंगी जन्मदाखला निरुपयोगी ठरतो. आपल्या आई-बाबांची या बाबतीत अडचण नाही. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयांना मेक्सिकोचा वेगळा पर्यटक व्हिसा लागत नाही. त्यांचा अमेरिकी व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे आणि मुदतीत आहे, एवढे मात्र पाहून घ्या.

कोझुमेलला बोट गाठता येते, पण क्रूझ कंपनीची आगाऊ परवानगी घेऊनच. शनिवारी विमान रद्द झाल्याचे किंवा रखडल्याचे कळताक्षणी कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर कळवा. नुसतेच न पोहोचल्यास आरक्षण गैरहजर म्हणून बंद होऊ शकते. चारची बोट म्हणजे साडेतीनला पोहोचले तरी चालेल, असेही समजू नये. प्रवाशांची अंतिम यादी सुटण्याच्या किमान 60 मिनिटे आधी सीमाशुल्क खात्याकडे जावी लागते, म्हणून चेक-इन त्याच्याही आधी, अनेकदा दीड तास आधी बंद होते. नंतर बोट समोर धक्क्याला उभी दिसत असली तरी कोणालाही चढवता येत नाही.

वाचणाऱ्या इतरांसाठी एक खुलासा. प्रत्येक बोट पुढच्या बंदरात गाठता येते असे नाही. पहिला मुक्काम क्रूझ कंपनीच्या खाजगी बेटावर असेल तर तिथे विमानाने पोहोचण्याची सोयच नसते. पहिला मुक्काम फ्लोरिडातीलच ‘की वेस्ट’ नावाच्या बंदरात असेल तर कायदा आडवा येतो. 1886 च्या पॅसेंजर व्हेसल सर्व्हिसेस ॲक्टनुसार परदेशी नोंदणीच्या जहाजाला एका अमेरिकी बंदरात प्रवासी घेऊन दुसऱ्या अमेरिकी बंदरात उतरवण्यावर कडक बंधने आहेत, आणि बहुतेक सगळ्या मोठ्या क्रूझ बोटी परदेशी नोंदणीच्याच असतात.

पैशांबाबत सांगायचे तर, विमान रद्द झाले आणि आपण पर्यायी विमान स्वीकारले नाही, तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत मिळतात. देशांतर्गत विमानाला तीन तास किंवा अधिक उशीर होणार असेल आणि आपण प्रवास सोडला, तरीही तोच नियम लागू होतो, मग कारण हवामानाचे का असेना. हॉटेल आणि जेवणाचा खर्च मात्र हवामानामुळे झालेल्या खोळंब्यात विमान कंपनी देत नाही, आणि चुकलेल्या क्रूझचे भाडे तर कोणीच देत नाही. तेवढ्यासाठी प्रवास विमा हवा. तो वादळाची बातमी येण्यापूर्वी घेतलेला असावा लागतो. वादळ जाहीर झाल्यावर घेतलेल्या पॉलिसीत ते वादळ धरत नाहीत. आई-बाबांसाठी आपण घेतलेला आरोग्य विमा हा वेगळा प्रकार आहे, त्यात बोट चुकल्याची भरपाई सहसा नसते. शिवाय इथल्या अनेक प्रवास पॉलिसी अमेरिकेतील रहिवाशांनाच मिळतात, म्हणून त्यांचा भारतातील पत्ता स्पष्ट सांगूनच विचारणा करा.

मिशिगनकाठ

शुक्रवारी निघावे हा सल्ला चांगला असला तरी नोकरी करणाऱ्या घरांना तो दर वेळी झेपत नाही. शनिवारी पहाटेचे थेट विमान हा मला पुरेसा सावध निर्णय वाटतो, पण त्याला एका गोष्टीची जोड द्या : वादळाचा अंदाज आला की विमान कंपन्या एक-दोन दिवस आधी तारीख विनाशुल्क बदलण्याची सवलत जाहीर करतात. बुधवारपासून रोज सकाळ-संध्याकाळ कंपनीच्या संकेतस्थळावर ती पाहत राहा. सवलत दिसली की विमान रद्द होण्याची वाट न पाहता त्याच तासात हालचाल करा, कारण पहिल्या काही तासांत जागा असतात आणि नंतर नसतात. त्या वेळी आपण मुलीला आणि आई-बाबांना घेऊन शुक्रवारीच निघावे आणि पत्नीने शनिवारी यावे, असेही करता येईल.

यावर घरात आत्ताच बोलून घ्या. पाच जागा एकत्र मिळत नाहीत, दोन आणि तीन मिळतात. इंग्रजीची सवय नसलेल्या आई-बाबांना एकटे पाठवता येणार नाही, म्हणून कोणाबरोबर कोण जाईल हे शांतपणे आधी ठरलेले असावे. काउंटरवर मागे शंभर माणसांची रांग असताना हा निर्णय घेणे फार कठीण जाते, आणि तोवर त्या जागा दुसऱ्यांना गेलेल्या असतात.

नेपरव्हिलकर

शनिवारी पहाटेचे थेट विमान आणि मुलीचा पासपोर्ट हे नक्की केले. एकच शंका उरली : पाचही तिकिटे एकाच आरक्षणात काढावीत की दोन वेगवेगळ्या?

धावपट्टी

एकाच आरक्षणात काढावीत. गरज पडल्यास कंपनीचा कर्मचारी एका आरक्षणाचे दोन भाग काही मिनिटांत करून देतो. मुळातच वेगळी असलेली आरक्षणे एकमेकांशी जोडून घेतली, तरी संगणक पर्यायी जागा शोधताना ती एकत्र धरेल याची हमी नसते. विमान बदलले की आईंची व्हीलचेअर नव्या विमानावर नोंदली गेली आहे का आणि मुलीची जागा मोठ्यांशेजारी आली आहे का, हे मात्र प्रत्येक वेळी स्वतः विचारून घ्या. भाग पाडल्यावर या नोंदी पुढे जातातच असे नाही. आणि शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वी, आपले पहाटेचे विमान कुठून येणार आहे आणि ते ओ'हेअरला वेळेवर उतरले का, हे कंपनीच्या ॲपवर नक्की पाहा.