अनुभव धागा : रविवार सोडून उरलेले सहा दिवस

सलाम मंडळी. रविवारी चर्चमध्ये उपासनेला आपण जातोच. पण लोकलच्या वेळा, पाळ्या, मुलांचे क्लास हे सगळं सांभाळून घरात पहिला मान प्रभूला कसा देता? जे खरंच टिकलंय ते लिहा.

कुर्ला : रात्री जेवणं आटोपली की आमची कौटुंबिक प्रार्थना. एकाने गीत निवडायचं, एकाने बायबलमधलं वचन वाचायचं, शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. सासऱ्यांनी नगरहून हा नेम आणला, सोबत एक अटही. घरात कुणाचं बिनसलं असेल तर ते मिटल्याशिवाय गीत सुरू करायचं नाही. एकदा नळाच्या पाण्यावरून सासूबाईंचं नि माझं वाजलं. 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक उघडलेलं, दिराची बोटं पेटीवर, आणि सासरे नुसते थांबलेले. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "पोरी, उद्या पाणी मी भरते." मग सूर लागला. सासरे आता प्रभूजवळ आहेत, अट कायम आहे. मुलांना वचनं पाठ हवीतच, पण हे त्यांनी डोळ्यांनी पाहणं मला जास्त मोलाचं वाटतं.

गोराई : आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई भागातले मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक. ऑक्टोबर म्हणजे रोझरीचा (जपमाळेच्या प्रार्थनेचा) महिना, त्यातल्या पहिल्या रविवारी आगेरा, आमचा सुगीचा सण. नव्या भाताच्या लोंब्यांना चर्चमध्ये आशीर्वाद मिळतो. आमची शेती कधीच गेली, तरी मुलांना नेतेच. ताटातला भात देवाची देणगी आहे, हे लोंबी हातात घेतल्यावर त्यांना पटतं.

परळ : मी नर्स आहे. रात्रपाळीला निघताना लेकीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करते. बस्स, एवढंच.

दादर : माझे यजमान हिंदू आहेत. मला आधार लक्ष्मीबाई टिळकांचा वाटतो. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली इथेच मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो काही वर्षांनी, स्वतःला पटल्यावर घेतला. म्हणून मी यजमानांना ओढत नाही. मी जेवणाआधी आभार मानते तेव्हा तेही घास न उचलता थांबतात. त्यांच्या आईच्या दुखण्यात मात्र त्यांनी आपणहून म्हटलं, "तुझ्या येशूला सांग." आम्ही दोघं हात धरून बसलो.

मालाड : कुर्ल्याच्या ताई, मुलगाच रुसून दार लावून बसला तर?

कुर्ला : थांबतो हो. एखाद्या रात्री गीत राहतं. सकाळी डबा घ्यायला तो येतो, तेव्हा तिथेच ओट्यापाशी दोघांची प्रार्थना होते.