चॅम्पव्हीए घेणारा डॉक्टर शोधायचा कसा?

रानजाई:
नवरा यूएस आर्मीत होता, त्याचं अपंगत्वाचं रेटिंग १०० टक्के पर्मनंट अँड टोटल (पूर्ण आणि कायमचं) झालं म्हणून मला आणि मुलीला चॅम्पव्हीए मिळालं, म्हणजे व्हीएचा (माजी सैनिकांच्या सरकारी खात्याचा) कुटुंबीयांसाठीचा आरोग्य विमा. मुलीचा कान सारखा दुखतोय, ईएनटी हवाय. नवऱ्याला कम्युनिटी केअरमध्ये (व्हीएच्या खर्चाने बाहेरचे डॉक्टर) जे डॉक्टर दिसतात ती यादी काढली आणि ओळीने सहा ठिकाणी फोन लावले. एकीने विचारलं हा कसला इन्शुरन्स, एकीला हे ट्रायकेअरच (सैन्याचा वेगळा विमा) वाटलं, बाकीच्या "आम्ही नेटवर्कमध्ये नाही" म्हणून मोकळ्या. खरी यादी असते तरी कुठे??

उंबरठा:
यादीच चुकीची धरलीत हो. कम्युनिटी केअर नेटवर्क फक्त व्हेटरनसाठी, बायकोमुलांना ते लागू नाही. आणि चॅम्पव्हीएला नेटवर्क हा प्रकारच नाही, त्यामुळे "नेटवर्कमध्ये आहात का" विचारलंत की समोरची खरं तेच सांगते, नाही म्हणून. "चॅम्पव्हीएचं असाइनमेंट ॲक्सेप्ट करता का" असं विचारा, तेही रिसेप्शनला नाही, बिलिंगला. हो म्हणाले तर व्हीए जो रेट मंजूर करेल तो त्यांना मान्य, वरचा फरक तुमच्याकडून घेता येत नाही. मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी विमा) किंवा ट्रायकेअर घेणारे बरेचसे डॉक्टर हेही घेतात, तेव्हा त्यांच्या याद्यांवरून सुरुवात करा. लहान मुलांचे डॉक्टर मेडिकेअरच्या यादीत फारसे सापडत नाहीत, तिथे ट्रायकेअरची बघायची. आणि बिलिंगवाली गोंधळलीच तर तिला म्हणावं सीएमएस-१५०० या क्लेमच्या फॉर्मचा अगदी पहिला रकाना बघा, मेडिकेअर, मेडिकेड, ट्रायकेअर आणि त्यांच्याशेजारी चॅम्पव्हीएची वेगळी चौकट छापलेली आहे.

जुनी_छत्री:
वरचं सगळं बरोबर, पण असाइनमेंट न घेणाऱ्याकडेही जाता येतं, फक्त खिशाला कात्री. समजा बिल ३०० डॉलर आणि व्हीएने मंजूर केले २००, तर डिडक्टिबल (दर वर्षी आधी आपण भरायची रक्कम) संपलेलं असलं की व्हीए ७५ टक्के म्हणजे १५० देणार, ५० तुमचे, आणि वरचे १०० पण तुमचेच. डिडक्टिबल वर्षाला माणशी ५०, अख्ख्या कुटुंबाला १००. शिवाय अशा ठिकाणी बहुतेकदा आधी पैसे भरून क्लेम आपणच करायचा, फॉर्म १०-७९५९ए, उपचाराच्या तारखेपासून वर्षाच्या आत. मी पहिल्यांदा क्रेडिट कार्डाची पावती जोडून पाठवली होती 😅 आली परत. आयटमाइज्ड बिलच लागतं, त्यावर डायग्नोसिसचा कोड, प्रोसीजरचा कोड, डॉक्टरचा टॅक्स आयडी सगळं हवं. काउंटरवरून हलायच्या आधी मागून घ्या, नंतर फोनवर कोण दाद देतंय.

पाऊलखुणा:
तुमच्या नोकरीचा इन्शुरन्स आहे का? असेल तर आधी त्याचं बिलिंग, चॅम्पव्हीए दुसरं, आणि त्याचं ईओबी (त्यांनी किती दिलं त्या हिशेबाचा कागद) क्लेमला जोडायचं. हे न सांगितल्यामुळे आमचे दोन क्लेम लटकले होते. नवरा जातो त्या व्हीए हॉस्पिटलात सिटी (CITI) प्रोग्रॅम आहे का तेही विचारा, काही हॉस्पिटलं जागा असली तर घरच्यांनाही बघतात आणि तिथे काही भरावं लागत नाही. सगळीकडे नाही मिळत, आमच्याकडे तर नाहीच म्हणाले. नेहमीची औषधं असतील आणि औषधांचा दुसरा इन्शुरन्स नसेल तर चॅम्पव्हीएचं मेड्स बाय मेल आहे, औषधं टपालाने घरपोच आणि फुकट.

रानजाई:
थँक्यू सगळ्यांना! नोकरीचा इन्शुरन्स नाहीये त्यामुळे ती भानगड नाही. ज्या क्लिनिकने काल धुडकावलं तिथेच आज बिलिंगला फोन केला, बाई आधी नाहीच म्हणत होती, मग तो फॉर्म उघडायला लावला, जरा वेळ शांतता आणि मग "ओह, आहे की इथे". मेडिकेअर घेतात म्हणे, हेही घेतील. गुरुवारची अपॉइंटमेंट मिळाली. आयटमाइज्ड बिल द्याल ना तेही आत्ताच विचारून ठेवलंय.