बेत किती आखायचा, किती सैल सोडायचा?

आमच्या घरात दोन पक्ष आहेत. एकाला बुधवारची भाजी रविवारीच ठरलेली हवी, दुसऱ्याचं "बघू की, तेव्हाचं तेव्हा." मी पहिल्या पक्षातली, पण मुलं झाल्यापासून जरा ढिली पडलेय. तुमच्याकडे काय आधी पक्कं होतं आणि काय वेळेवर सोडता? उपदेश नकोत, घडलेलं सांगा.

डोंबिवलीकर चाकरमानी
गणपतीला गावी जाणाऱ्याला हे विचारायचं म्हणजे कमाल आहे! रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होते. सकाळी आठच्या ठोक्याला बोट तयार. जायचं तिकीट सोपं, चतुर्थी ठरलेली असते. घोळ परतीचा. आमचा गणपती गौरींबरोबर जातो आणि गौरी चालतात नक्षत्रावर: अनुराधावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळावर विसर्जन. २०२४ ला त्या सहाव्या दिवशी गेल्या, २०२५ ला सातव्या. त्यामुळे नवीन कॅलेंडर आलं की पहिला गोल गौरीविसर्जनावर, मग रजेचा अर्ज.
एकदा गाडीत बसलो की मात्र घड्याळ बघत नाही. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वे मुळात सावकाश धावते, वर क्रॉसिंगला थांबते. पुढची अमुक एसटी गाठायचीच असा हट्ट धरला की सगळा प्रवास चिडचिडीत जातो. उतरायचं, स्टेशनबाहेर चहा-वडा, मिळेल त्या रिक्षाने वाडीत.

उदगीरकडचा शेतकरी
तुम्हाला निदान तारीख तरी असते, भाऊ. आमची तयारी मे महिन्यातच होते. सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटावर ओळीने मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं चांगलं, कमी उगवले तर एकरी जास्त टाकायचं. खत आणलेलं, पेरणीयंत्रवाल्याला सांगून ठेवलेलं.
आणि मग बसायचं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पण मृगाच्या पहिल्या सरीला शेजाऱ्याचा ट्रॅक्टर रानात उतरला की हात शिवशिवतात. सगळं तयार असताना न पेरणं, यापेक्षा अवघड काम शेतीत नाही. निम्मा जुलै कोरडा गेला तर सोयाबीनचा नाद सोडून तूर. ते बीसुद्धा घरात आधीच आणून ठेवतो, कारण तेव्हा सगळे एकदम दुकानात धावतात.

बेंगळुरूहून
यादी नवरा करतो आणि घरीच विसरून बाजारात जातो. आमचा समतोल असा साधला जातो.

पुण्याची सुगरण (स्वघोषित)
मोदकांचं सारण मी आदल्या रात्री करून ठेवते. उकड मात्र ऐनवेळी, गरम असतानाच तेल-पाण्याच्या हाताने मळायची. पारी फाटायला लागली की ठरलेला आकडा विसरायचा. उरलेल्या उकडीत मिरची, जिरं, कोथिंबीर, मीठ आणि चपट्या निवगऱ्या वाफवायच्या. मुलं हल्ली मोदकांआधी त्याच मागतात, आता बोला!

नाशिकहून, वडिलांसोबत
वरचं वाचून मजा आली, पण काही घरांत सैल सोडायला फार जागा नसते. वडिलांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चारेक तास. लग्न असो, बारसं असो, ते वार हलत नाहीत. बाकी सगळं मात्र मी ठरवायचंच सोडून दिलंय. डायलिसिसनंतर ते कधी गळून झोपतात, कधी "चल, गंगेवर (म्हणजे आमच्या गोदावरीवर) जाऊ" म्हणतात. म्हटले की निघायचं, स्वयंपाक राहिला तर राहिला.
गावाला न्यायचं तर तिथल्या केंद्रात आधी जागा धरावी लागते, कावीळ बी-सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट लागतात, इथल्या डॉक्टरांची चिठ्ठी लागते. त्यांना यंदा गणपतीत कुडाळला भावाकडे जायचंय. चाकरमानी दादा, तिकडे सणातही सुरू असणारं डायलिसिस केंद्र माहीत आहे का? चौकशी आत्ताच सुरू करते.