गोव्यात हे जुझे नेमके किती, आणि कुठला कोण?

पणजीचा_सारथी

नमस्कार मंडळी. मी टुरिस्ट टॅक्सी चालवतो, गिऱ्हाईक बहुतेक कोल्हापूर, सांगली, पुण्याकडचं, आणि ड्रायव्हर मराठी बोलतो म्हटल्यावर लोक गाईडचं कामही त्याच्याकडूनच करून घेतात, माझी काही तक्रार नाही, बोलायला मलाही आवडतं. पण एका नावापाशी आलो की माझी गाडी अडते. दाबोळीवरून निघालं की सांकवाळला सेंट जोझेफ वाझ. पणजीत मांडवीच्या काठाला तो बाईवर हात धरून उभा असलेला पुतळा, आबे फारिया, त्याचंही खरं नाव जुझे, म्हणजे जोझेफच. मडगावच्या पलीकडे गेलं की सां जुझे दि आरियल नावाचं अख्खं गाव. इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, शिरलं की बऱ्याच ठिकाणी बाळ घेतलेला दाढीवाला, तोही सेंट जोझेफ. आणि मागच्या सीटवर हमखास एखादे काका असतात ज्यांनी बायबलची सिरियल बघितलेली असते, ते म्हणतात अहो हाच ना तो, भावांनी विकलेला आणि मग इजिप्तचा प्रधान झालेला?

तर जाणकारांनी जरा सोडवून सांगा. पुस्तकी नको, पणजी ते मडगाव गाडी चालवता चालवता बोलता येईल असं.

जुनी_पोथी

सारथी बाब, काकांचा घोळ अगदीच बिनबुडाचा नाही. जोझेफ म्हणजे मराठी बायबलातला योसेफ, आणि मुळात बायबलमध्येच हे नाव इतक्या जणांना आहे की वाचणारा दमतो.

पहिला योसेफ उत्पत्तीच्या पुस्तकातला, याकोब आणि राहेल यांचा मुलगा. बापाचा लाडका म्हणून भावांनी जळफळून वीस चांदीच्या नाण्यांना विकला, इजिप्तला गेला, तुरुंगात पडला, मग फारोच्या स्वप्नातल्या सात धष्टपुष्ट आणि सात हडकुळ्या गायींचा अर्थ सांगून तिसाव्या वर्षी थेट राज्यकारभार हातात. काका म्हणतात तो हा. कुराणातला युसुफ पण हाच, बारावा सूरा अख्खा त्याच्यावर आहे. दुसरा योसेफ म्हणजे मरियेचा नवरा, नाझरेथचा सुतार, येशूला वाढवणारा. इगर्जीत असतो तो हा दुसरा. आता गंमत बघा, मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, वंशावळ दिलीय तिच्यात या सुताराच्या बापाचं नावही याकोबच, यालाही स्वप्नातून आज्ञा होते, आणि हाही बायको-पोराला घेऊन इजिप्तलाच पळतो, हेरोद राजाच्या भीतीने. म्हणजे बापाचं नाव सारखं, स्वप्नं सारखी, देशही तोच. लूक मात्र बापाचं नाव एली देतो, त्यावर पंडितांचं भांडण शेकडो वर्षं चाललंय, त्यात आपण नको पडूया.

तिसरा अरिमथाईकर योसेफ, पैसेवाला माणूस, न्यायसभेचा सभासद, ज्याने रोमन सुभेदार पिलाताकडे जाऊन येशूचा देह मागून घेतला आणि स्वतःसाठी खोदलेल्या कबरीत ठेवला. चारही शुभवर्तमानांत त्याचा उल्लेख आहे. चौथा लोकांना माहीतच नसतो. येशूवर खटला चालवणारा मुख्य याजक कयफा, त्याचंही पाळण्यातलं नाव योसेफ, हे बायबल सांगत नाही, पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार सांगतो, आणि त्या इतिहासकाराचं नाव काय तर जोसेफस! १९९० साली जेरुसलेममध्ये एक अस्थिपेटी सापडली, तिच्यावर कयफाचा योसेफ असं कोरलेलं आहे, बरेच अभ्यासक ती त्याचीच मानतात.

म्हणजे येशूला वाढवणारा योसेफ, दोषी ठरवणारा योसेफ आणि पुरणारा योसेफ. शिवाय प्रेषितांच्या कृत्यांत आणखी दोन आहेत. यहूदाच्या जागी बारावा प्रेषित निवडायला चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा मत्थियासमोर हरलेला योसेफ बर्सब्बा, आणि सायप्रसचा योसेफ, ज्याला पुढे सगळे बर्णबा म्हणायला लागले. त्या काळी त्या मुलुखात सिमोनच्या खालोखाल सगळ्यात जास्त ठेवलं जाणारं पुरुषाचं नाव हेच होतं, म्हणून तर प्रत्येकाला गाव नाहीतर टोपणनाव चिकटवावं लागलं.

लाडूबाय

आमच्या वाड्यावर अजून तेच चालतं 😄 पदेराचा (पाववाल्याचा) जुझे, रेंदेराचा (माडी काढणाऱ्याचा) जुझे, बोटीवाला जुझे. आडनावावर जाल तर सगळे फर्नांडिस.

मडगावकार्न

पोथी सरांनी बायबलचं छान सांगितलं, मी गोव्याचं सांगते कारण आमच्या घरातच आजोबा जुझे, काका जुझे आणि भाऊ जोझेफ आहे, त्यामुळे कुठला जुझे हे विचारल्याशिवाय आमच्याकडे फोन कुणाला देत नाहीत.

सारथी दादा, वाझ आणि फारिया यांची गल्लत गाडीतल्या लोकांची नेहमी होते कारण दोघेही गोंयकार, दोघेही पाद्री, दोघेही जुझे आणि दोघांनीही नाव काढलं ते गोव्याबाहेर. पण माणसं एकदम दोन टोकांची. जुझे वाझचा जन्म १६५१चा, बाणावलीचा, बाप्तिस्मा तिथल्याच सां जुवांवच्या इगर्जीत, घराणं सांकवाळचं. १६८७ला तो श्रीलंकेत गेला, तिथे तेव्हा डच होते आणि ते कॅथलिक पाद्रींना थारा देत नव्हते, म्हणून हा मजुराच्या वेशात लपतछपत फिरायचा. कँडीच्या राजाने आधी पोर्तुगीजांचा हेर समजून तुरुंगात टाकला आणि नंतर त्याच राजाने आसरा दिला. १७११ला तिथेच वारला. पोप फ्रान्सिसने १४ जानेवारी २०१५ला कोलंबोत त्याला संत जाहीर केलं, मी टीव्हीवर बघत होते, आमच्या आईने तर सकाळपासून स्वयंपाकघराकडे फिरकायचं नाव नाही.

फारिया बराच पुढचा, वाझ वारल्यावर ४५ वर्षांनी जन्मला, १७५६ला कांदोळीत. पूर्ण नाव जुझे कुस्तोदियो द फारिया. आईबाप वेगळे झाले, आई नन झाली आणि बाप पाद्री, आणि बापाने पोराला घेऊन लिस्बन गाठलं. पुढे पॅरिसमध्ये त्याने लोकांना झोपेसारख्या अवस्थेत नेऊन दाखवायला सुरुवात केली आणि सांगितलं की यात माझ्या अंगातली कसलीही जादू किंवा चुंबकशक्ती नाही, जे होतं ते झोपणाऱ्याच्या मनातून होतं. आज आपण हिप्नोटिझम म्हणतो त्याच्या इतिहासात म्हणून त्याचं नाव येतं. १८१९ला पॅरिसमध्ये गेला. पुतळा १९४५चा, आपल्याच रामचंद्र पांडुरंग कामतांनी केलेला. तो संत वगैरे नाही हां, टुरिस्ट लोक तिथे हात जोडतात ते बघून मला हसूही येतं आणि बरंही वाटतं.

आता इगर्जीतल्या मूर्तीबद्दल एक, कारण तिथे नावापेक्षा हातात काय आहे ते बघायचं. बाळ आणि पांढरं लिलीचं फूल दिसलं की लोक लगेच सेंट जोझेफ म्हणतात. थांबा. सांत आंतोनच्या (सेंट अँथनीच्या) हातातही बाळ असतं आणि फूलही असतं! फरक असा की आंतोन तरुण, बिनदाढीचा, डोक्याचा मधला भाग भादरलेला, अंगात फ्रान्सिस्कन साधूंचा कमरेला दोरी बांधलेला झगा, आणि बाळ पुष्कळदा पुस्तकावर बसलेलं. जुझे वयस्कर, दाढीवाला, कधी हातात काठीला फुलं आलेली, कधी पायाशी सुताराची हत्यारं. जुझे वाझ असेल तर बाळ नाही, काळा झगा आणि हातात क्रूस. आणि क्रुसावरून देह उतरवतानाचं चित्र असेल तर त्यात चादर धरलेला श्रीमंत म्हातारा दिसतो, तो अरिमथाईचा.

फोंड्याचा_कारकून

एक कोणीच बोललं नाही. ज्या आबे फारियाचा पुतळा तुम्ही दाखवता तो उभा कुठे आहे? आदिलशहाच्या राजवाड्याला लागून. तो राजवाडा कुणाचा सांगतात? विजापूरच्या युसुफ आदिलशहाचा. म्हणजे युसुफच्या भिंतीजवळ जुझे!

अजून पुढे. पोर्तुगीज व्हाइसरॉय जुनं गोवं सोडून पणजीत याच राजवाड्यात राहायला आला १७५९ साली, कारण जुन्या गोव्यात रोगराईने माणूस टिकत नव्हता. तेव्हा पोर्तुगालच्या गादीवर कोण? जुझे पहिला, १७५० ते १७७७. लिस्बनचा तो मोठा भूकंप झाला १७५५ला तेव्हाचा राजा तोच, आमचा फोंडा १७६३ला पोर्तुगीजांकडे गेला तोही याच्याच काळात, जेजुइट पाद्रींना हाकललं ते पण याच्याच काळात. खरा कारभार सगळा त्याच्या मंत्र्याचा, पोंबालचा, राजाला शिकार आणि ऑपेरा बरा. तर एकाच जागी बांधणारा युसुफ, ज्याच्या नावाने व्हाइसरॉय तिथे राहायला आला तो राजा जुझे, आणि बाहेर हात पसरून उभा फारिया जुझे. गाडी लावून दहा मिनिटांत तिघेही होतात, पेट्रोल लागत नाही.

तारवटी_बाणावली

मी शिपवर असतो, बाहेरचं मी सांगतो. सान होझे, म्हणजे स्पॅनिशमधला सेंट जोझेफ, या नावाच्या जागा जगात इतक्या आहेत की आमच्यात नवा पोरगा जॉईन व्हायला निघाला की आधी तिकिटावरचा कोड बघायला सांगतात. एसजेओ म्हणजे कोस्टा रिकाची राजधानी, एसजेसी म्हणजे कॅलिफोर्नियातलं, आयटीवाल्यांचं, ते १७७७ला स्पॅनिश लोकांनी वसवलेलं, आणि एसजेडी म्हणजे मेक्सिकोतलं सान होझे देल काबो. तिन्ही कोड एसजेने सुरू, तिन्ही विमानतळ एकमेकांपासून हजारो किलोमीटर. ब्राझीलला साव जुझे दुस कांपुस आहे, तिथे एम्ब्राएर कंपनी विमानं बनवते. अमेरिकेत मिसुरीला सेंट जोसेफ, घोड्यावरून टपाल न्यायची पोनी एक्सप्रेस १८६०ला तिथून सुटायची. २०१०ला चिलीत ३३ खाणकामगार ६९ दिवस जमिनीखाली अडकलेले आठवतं का, त्या खाणीचं नाव पण सान होझे.

पण प्रत्येक जोसेफ संतावरून नाही हां. वर आर्क्टिकमध्ये रशियाची बेटं आहेत, फ्रान्झ जोसेफ लँड, ती ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या नावाने, १८७३ला सापडली. आणि इजिप्तमध्ये नाईलचं पाणी फयूमकडे नेणारा जुना पाट आहे, बहर युसुफ, तो मात्र काकांच्या योसेफचा, गायीवाल्या!

पणजीचा_सारथी

बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. आता दोनच शंका. आरियलचा जुझे मग वाझ का? कारण काही लोक मला तसं ठामपणे सांगतात. आणि दुसरं, कोस्टा रिका काय, चिली काय, गोवा काय, सगळीकडे एकदम हेच नाव कसं पसरलं? पेद्रू, पावलू पण होतेच की.

जुनी_पोथी

आरियलचं सोपं आहे. गावाचं नाव पोर्तुगीज काळातलं, वाझ संत झाला २०१५ला. त्याच्या आधी त्याच्या नावाला सां, म्हणजे संत, लागणारच नाही. तो सुतारच.

पसरण्याचं कारण असं की हा संत चर्चमध्ये उशिरा मोठा झाला. शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी एक शब्द नाही, येशूच्या प्रचाराच्या काळात तो दिसतही नाही, त्यामुळे पहिली हजारभर वर्षं पश्चिमेकडे त्याच्याकडे फारसं कुणी बघितलं नाही. मग स्पेनमध्ये आविलाच्या तेरेसाने १५६२ला आपला पहिला मठ त्याच्या नावाने काढला आणि जन्मभर त्याचं कौतुक केलं, १६२१ला पोपने १९ मार्चचा सण सगळ्या चर्चला लागू केला. आता तारखा बघा, स्पेन आणि पोर्तुगालची जहाजं नेमकी त्याच दीड-दोनशे वर्षांत जगभर गावं वसवत आणि बाप्तिस्मे देत फिरत होती. जो संत तेव्हा जोरात होता त्याचं नाव गावांना आणि पोरांना लागलं. सगळ्या चर्चचा पालक म्हणून तर त्याला १८७०ला जाहीर केलं, आणि १ मेचा कामगार जोझेफचा सण हा १९५५चा, कम्युनिस्टांच्या मे दिनाला उत्तर म्हणून. तिकडे त्या कम्युनिस्टांचा पुढारी कोण होता तर स्टालिन, त्याचंही नाव योसिफ, आणि युगोस्लाव्हियाचा टिटो, योसिप.

लाडूबाय

आणि आपला दिलीपकुमार, युसुफ खान. त्याला का विसरलात सगळे?

मडगावकार्न

हो की! सारथी दादा, फेस्ताच्या (संताच्या सणाच्या) तारखा लिहून ठेवा. सुताराचं १९ मार्च आणि १ मे, वाझचं १६ जानेवारी. सांकवाळला त्या दिवसांत गर्दी असते, विमानतळाची ट्रिप असेल तर वेळ धरून निघा. १९ मार्च बहुतेक वेळा ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत येतो, म्हणून काही गावांत मोठं फेस्त दुसऱ्या तारखेला ठेवतात, आधी इगर्जीत विचारून घ्या आणि मगच लोकांना न्या.

पणजीचा_सारथी

लिहिलं. उद्या साताऱ्याची फॅमिली आहे, कारकून साहेबांचे तीन जुझे राजवाड्यापाशीच उरकतो.

फोंड्याचा_कारकून

आधी तिथे पार्किंग मिळवून दाखवा.