दीड लाखाचं स्विस घड्याळ आणि झाकणाखालचं मशीन: पैसे नेमके कशाचे देतो आपण?

चावीवाला, सांगली
घड्याळांचा नाद २२ वर्षांचा. पगारातून बाजूला टाकत एक लाख ६० हजारांचं स्विस घड्याळ घेतलं होतं. गेल्या महिन्यात ते दिवसाला ४० सेकंद पुढं पळायला लागलं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं न उघडताच २८ हजारांचं पूर्ण सर्व्हिसिंग सांगितलं. मग गणपती पेठेत आमच्या घड्याळवाल्या काकांकडं गेलो. त्यांनी घड्याळाजवळ होकायंत्र धरलं, तर सुई थरथरली. चुंबक लागलं होतं, बस्स. दोन मिनिटांत काढलं, ५० रुपये घेतले.

माझ्या हट्टानं त्यांनी मागचं झाकणही उघडलं आणि डोळ्याचं भिंग माझ्या हातात दिलं. "बॅलन्सच्या खाली बघ." वर रोटरवर, म्हणजे हात हलला की फिरून चावी देणाऱ्या चकतीवर, कंपनीचं नाव झोकात कोरलेलं. आणि बॅलन्स व्हीलखाली, म्हणजे मागंपुढं डोलत वेळ सांभाळणाऱ्या चाकाखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत ईटीए २८२४-२. ईटीए म्हणजे इतर कंपन्यांना तयार मशीन पुरवणारी स्विस कंपनी. हेच मशीन माझ्या मेव्हण्याच्या ४५ हजारांच्या घड्याळात आहे. जाहिरातीत शंभर वर्षांची परंपरा, कारागिरांचे हात, सगळं होतं. मशीन बाहेरून घेतलंय हे कुठंच नव्हतं. फसल्यासारखं वाटलं, अजूनही वाटतंय.

तासगावकर बागायतदार
दादा, पटलं नाही. वडिलांनी बेदाण्याच्या सौद्यात उन्हातान्हात उभं राहून आम्हाला शिकवलं. कर्ज फिटलं त्या वर्षी मी त्यांना भारी घड्याळ घेतलं. आत कुणाचं मशीन आहे ते त्यांना माहीत नाही, आणि गरजही नाही. लग्नकार्यात ते बाही जरा वर सरकवून बसतात तेव्हा मला भरून येतं. नावाचे पैसे दिले, हे मला मान्य आहे. ते वाया गेले, हे मान्य नाही.

जवारी, मिरज
मुद्दा अर्धाच मांडलाय. आमच्या मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. म्हणून तंबोरा मिरजेचा राहत नाही का? जोडणी, जवारी (तारेला गुंजता आवाज यावा म्हणून घोडीची केलेली घासणी), कान हे मिरजेचं. शिवाय २८२४ एकाच दर्जात येत नाही. साध्या ग्रेडपासून क्रोनोमीटरपर्यंत, म्हणजे अचूकता तपासून प्रमाणित केलेल्या मशीनपर्यंत, चार ग्रेड आहेत. वरच्या ग्रेडमध्ये बॅलन्स व्हील आणि हेअरस्प्रिंग (त्या चाकाची केसासारखी बारीक स्प्रिंग) वेगळ्या धातूची, मशीन उभं-आडवं अशा पाच पोझिशनमध्ये धरून वेळ लावलेलं. क्रोनोमीटर म्हणवून घ्यायचं तर १५ दिवसांची तपासणी, दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांच्या आत. त्या मेहनतीची किंमत असतेच. मेव्हण्याच्या घड्याळाशी थेट तुलना चुकीची आहे.

पोवई नाका, सातारा
वेळच बघायची तर हजाराचं क्वार्ट्झ घ्या. महिन्याला १५-२० सेकंदांच्या वर चुकत नाही.

चावीवाला, सांगली
पोवई नाका, वेळ मोबाइलमध्येही दिसते. नाद मशीनचा आहे, म्हणून तर इतकं लागलं.

तासगावकर, वडिलांच्या त्या बाहीबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. ती तुमची कमाई आहे, कंपनीची नव्हे.

जवारी, तुमचं उदाहरण मला फार आवडलं, पण ते माझ्याच बाजूनं जातं. भोपळा कुठला, हे मिरजेचा कारागीर विचारायच्या आत सांगतो, आणि जवारी उतरली तर गवई ती कुणाकडूनही काढून घेऊ शकतो. इथं अनेक स्विस कंपन्या बाहेरच्या कारागिराला सुटा भागच देत नाहीत. 'स्विस मेड' लिहायलासुद्धा २०१७ पासून खर्चाची अट एवढीच, की उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधला असावा.

२०१९ च्या पुरात आमच्या वडिलांचं एचएमटी जनता कपाटासकट पाण्यात होतं. डायलवर गाळाची रेघ आली. काकांनी मशीन सुटं करून धुतलं, गंजलेली मेनस्प्रिंग (चावी दिली की गुंडाळली जाणारी मुख्य स्प्रिंग) डब्यातल्या दुसऱ्या बंद जनताची काढून बसवली. एचएमटीचा घड्याळ कारखाना २०१६ मध्येच बंद करायचं ठरलं होतं, तरी ते १७ ज्वेलचं (घर्षण कमी करणाऱ्या खड्यांचं) मशीन आज रोज सकाळी चावी घेतं. माझा मान तिकडं आहे.

जवारी, मिरज
सुट्या भागांचं मान्य. ग्रेडचं काय? तुमच्यातली कुठली ते बघितलंत?

चावीवाला, सांगली
तुम्ही लिहिल्यावर लगेच कंपनीला मेल टाकला. काल उत्तर आलं: ही माहिती ग्राहकांना दिली जात नाही. रविवारी काकांकडं परत झाकण उघडतोय. हेअरस्प्रिंग आणि बॅलन्सवरून ग्रेड ओळखता आली तर फोटो टाकतो. वरची निघाली तर तुमचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं, हे इथंच लिहीन.