मदत हवी आहे: सामूहिक वनहक्काच्या जंगलात जाळरेषेसाठी निधी कुठून मिळेल?

पळसपान:
ग्रामसभेकडे सामूहिक वनहक्काचं 310 हेक्टर जंगल आहे. साग आणि मिश्र, गाव पेसातलं (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखालचं). यंदाच्या वणव्यात दक्षिणेचा उतार जळाला. रोजगार हमीत 4 किमी जाळरेषेचा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत-पाचोळा काढून मोकळा ठेवलेला पट्टा) प्रस्ताव दिला होता, तो 'काम अनुज्ञेय नाही' असा शेरा मारून परत आला. पैसा कुठून मागावा? आणि जळालेल्या भागात पावसाळ्यात काय करावं?

रानवाट:
मनरेगाच्या अनुसूची 1 मध्येच गवत काढण्यासारखी, पुन्हा पुन्हा करावी लागणारी कामं बाद केलेली आहेत. जाळरेषा तिथेच अडकते. कृपा करून नाव बदलून तोच प्रस्ताव पाठवू नका. मोजमापाला तो पुन्हा अडकेल आणि मजुरी थकेल ती गावकऱ्यांचीच.

कामं वेगळी करा. सलग समतल चर (उताराला आडवे, पाणी अडवणारे), अनघड दगडी बांध, रोपवन हे रोजगार हमीत टाका. जाळरेषा, फायर वॉचरची (वणव्यावर पहारा देणाऱ्याची) मजुरी आणि ब्लोअर (हवेने पाचोळा उडवणारं यंत्र) पेसाच्या 5 टक्के अबंध निधीतून मागा. वनहक्क व पेसाची अंमलबजावणी, तसंच वन्यजीव संवर्धन आणि वन उपजीविका हे त्या निधीच्या खर्चाचे मान्य भाग आहेत. ठरावात नुसतं 'जंगल संरक्षण' लिहिलंत तर अंदाजपत्रक कशावर करणार? लांबी, रुंदी, जंगलाचा कक्ष (वनखंड) क्रमांक लिहा, नकाशा जोडा. 4 किमी गुणिले 6 मीटर म्हणजे 2.4 हेक्टर साफसफाई, दर त्यावर लावा.

कॅम्पातूनही (वनजमीन वळवल्याच्या भरपाईपोटी जमा होणाऱ्या निधीतूनही) वणवा प्रतिबंध करता येतो, पण तो पैसा ग्रामसभेच्या हातात येत नाही, वनविभागाच्या वार्षिक आराखड्यातून येतो. आराखडा तयार होण्याआधी परिक्षेत्र अधिकाऱ्यांना ठरावाची प्रत द्या, पोच घ्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा अभिसरण समितीलाही (वेगवेगळ्या योजनांचा निधी एकत्र जुळवणाऱ्या) एक प्रत जाऊ द्या.

सागबन:
निधी वेळेत येणं जास्त महत्त्वाचं. वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारीला सुरू होतो, रेषा त्याआधी जळून तयार हवी. मार्चमध्ये आलेला पैसा त्या वर्षी जवळपास वायाच.

डिसेंबरात गवत कापा. रेषेच्या दोन्ही कडांना मीटरभर पट्टा मातीपर्यंत खरवडा, कापलेलं गवत मधोमध वाळू द्या. मग वारा पडलेला असताना, वनरक्षक हजर ठेवून, थोडं थोडं जाळा. लेखी कळवल्याशिवाय काडी लावू नका, राखीव वनात आग लावणं भारतीय वन अधिनियम 1927 खाली गुन्हा आहे. बहुतेक ठिकाणी रेषा फसते ती यानंतर: सागाची पानगळ चालूच असते आणि दोन आठवड्यांत रेषा पुन्हा पानांनी भरते. पानांवरून आग सहज पलीकडे जाते. म्हणून ब्लोअर फिरवण्याची मजुरी मे अखेरपर्यंत अंदाजपत्रकात धरा. ही ओळ जवळजवळ सगळेच विसरतात.

मोहाखालचा पाचोळा जाळणं हे आगीचं मोठं कारण. फुलं वेचायला झाडाखाली जाळी अंथरली की जाळायची गरजच उरत नाही. माझ्या मते जाळ्यांवरचा खर्च हा सगळ्यात कामाचा.

पळसपान:
धन्यवाद. आग लागल्याचे उपग्रहावरून येणारे एसएमएस कितपत उपयोगी?

रानवाट:
भारतीय वन सर्वेक्षणाच्या पोर्टलवर नोंदणी जरूर करा. पण एक ठिपका म्हणजे 375 मीटरचा चौकोन, आणि उपग्रह डोक्यावरून गेल्यावरच कळणार. टेकडीवरचा पहारा सोडू नका.

सागबन:
जळालेल्या उतारावर लगेच खड्डे खणू नका. साग आणि पळस बुडख्यातून (जमिनीलगतच्या खोडातून) फुटतात. आधी चराई बंद करा, फुटवे मोजा, दर बुडख्याला एक जोमदार फुटवा ठेवून बाकीचे छाटा. जिथे काहीच फुटलं नाही तिथेच लावा. मोहाचं बी साठवलं तर थोड्याच आठवड्यांत उगवण घटते, त्यामुळे ताजं बी पहिल्या पावसाबरोबर चराच्या मातीत टोकायचं.